न्यूट्रल जीभ

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
कॉल सेंटरच्या व्हॉइस टेस्टमध्ये दुसऱ्यांदा फेल. शेरा: समोरचा जसा बोलतो तसा हा बोलायला लागतो. यात फेल करण्यासारखं काय आहे? पियुष सर (टीम लीड) म्हणाले, तिसरी टेस्ट २१ला, शेवटची. पास झालास तर परमनंट, नाहीतर घरी.
संकल्प: आजपासून जीभ न्यूट्रल. समोर कुणीही असो.

४ नोव्हेंबर
ग्लासगोच्या एका आजींचा कॉल. वॉशिंग मशीन बंद. त्यांचा ‘र’ थंडीत स्कूटर सुरू करावी तसा. दोन मिनिटांत माझाही सुरू झाला. मुद्दाम नाही, आईशप्पथ. आजींनी विचारलं, माझी थट्टा करतोस का? मी सॉरी म्हटलं, तर त्यातला ‘र’ सगळ्यात लांबला. तक्रार झाली.
म्हाताऱ्या माणसांचा स्वभावच संशयी. संकल्प उद्यापासून.

६ नोव्हेंबर, दुपारी १
बडी (सरावाची जोडीदार) मिळाली. पूर्वा, सदाशिव पेठ. इंग्रजी इस्त्री केलेलं. तीही प्रोबेशनवर. दोघांच्या मार्कांची सरासरी सत्तरच्या वर लागते. एक बुडला की दुसराही बुडाला. तिला म्हटलं, काळजी करू नकोस. ती म्हणाली, काळजी नाही करत, दुसरी नोकरी शोधतीये.
विनोदी मुलगी आहे.

१० नोव्हेंबर
रोज दीड तास सराव. मी ‘प्राब्लेम’ म्हणतो, ‘प्रॉब्लेम’ म्हणायचं. पूर्वा समोर असली की बरोबर येतं. ती चहाला गेली की परत प्राब्लेम.
उपाय: पूर्वाने चहाला जाऊ नये. तिला सुचवलं. उत्तर लिहिण्यासारखं नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळी ८
घात झाला. आबांनी (वडील) आमच्या मांजरी गावच्या चौकात फ्लेक्स लावला. ‘साईनाथ भैरू घुले यांची कंपनीत परमनंट निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ माझ्या फोटोपेक्षा आबांचा मोठा. मी ओरडलो, आवो आबा, टेस्ट व्हायची हाय अजून! (घरी जीभ आपोआप घरची होते.) आबा म्हणाले, आरं व्हईलच की, पुढं इलेक्शनात फ्लेक्सवाला गावायचा न्हाई.
बस स्टॉपवर तिघांनी हात मिळवला.

१८ नोव्हेंबर
प्रचंड प्रगती! अख्खी शिफ्ट एकदाही प्राब्लेम नाही. पूर्वा मात्र आज कस्टमरला दोनदा ‘प्राब्लेम’ म्हणाली. मला एकटं वाटू नये म्हणून असणार. मन मोठं आहे तिचं.

२० नोव्हेंबर
झोप नाही. नापास झालो तर चौकातून घरी जायचं कसं? दुसरा रस्ता शोधला. गुडघाभर चिखल आहे, पण आहे.
पूर्वाने आईला फोनवर ‘आले की जेवती’ म्हटलं. टेन्शन असेल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी ६
मला ९१! परीक्षक बाई म्हणाल्या, अगदी स्वच्छ, न्यूट्रल.
पूर्वाला ४२. शेरा: गावाकडची छाप फार.
सरासरी साडेसहासष्ट.
पियुष सरांना हात जोडले. म्हटलं, सर, तिची चूक नाही, पंधरा दिवस ती माझंच ऐकत होती. ते म्हणाले, तेच तर.
दोघांनीही आयडी कार्डं जमा करायची.

२२ नोव्हेंबर
पार्किंगमध्ये पूर्वा भेटली. मी माफी मागितली, हुबेहूब तिच्या इंग्रजीत. रात्रभर विचार करून वाक्य बसवलं होतं. ती स्कूटीला किल्ली लावत म्हणाली, जाऊ दे रे, काय प्राब्लेम न्हाय.
चेष्टा करत नव्हती. तिला कळलंसुद्धा नाही. मला रडू आलं.

घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. फ्लेक्स उतरवायला शिडी मागितली, तर म्हणाले, राहू दे, फोटू चांगला आलाय.