कानपिळीचा शर्ट

योगेंद्रदाजी,

संजूताई सांगत होती, तुमचा उजवा डोळा वाचंल.

आमच्या पक्षाच्या ग्रुपमधून तुमाला मीच काढलं होतं. प्रत्येक मेसेजखाली तुमी विचारायचात, "कुणी पाहिलं?" सगळे वैतागले होते. तुमी गेल्यावर विचारणारं कुणी उरलंच नाय.

मग मेसेज आला, समोरचा गट शिळफाट्यावरून टेंपोत सळ्या भरून पोशीरला आपल्याला मारायला येतोय. आमी चाळीस जण काठ्या घेऊन रस्त्यावर उतरलो. टेंपो आला. सळ्या पण होत्या. ड्रायव्हरनं धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधलेला. मी त्याला कॉलर धरून खाली खेचला अन् पहिली काठी घातली. रुमाल सुटला, तर तुमी.

सळ्या आमच्याच स्लॅबच्या होत्या. आईनं तुमाला आणायला सांगितलेल्या, मला ठाऊक नव्हतं. पण दाजी, तुमाला ओळखल्यावर पण मी आणखी एक काठी घातली. डोळ्यावरची तीच. सगळे व्हिडिओ काढत होते. थांबलो असतो तर गद्दार ठरलो असतो.

व्हिडिओत मी पाठमोरा हाय. अंगात कानपिळीचा शर्ट, तुमच्या लग्नात तुमचा कान पिळून मी हट्टानं घेतलेला, पाठीवर वाघाचं तोंड असलेला. अख्ख्या तालुक्यात तसा दुसरा नाय.

काल दवाखान्यात हवालदारानं तुमाला तोच व्हिडिओ दाखवला. मी दारातच उभा होतो. तुमी एका डोळ्यानं शेवटपर्यंत बघितलात अन् म्हणालात, "मी कुणाला पाहिलं नाय."

नाव घ्या ना माझं, दाजी!

तुमचा कानपिळ्या,
हरेश