बोटीवर घेतलेलं नाव

यार्मथ बंदर, ऑक्टोबर

लाडक्या जेसीस,

तुझा गुडघा कसा आहे? सासूबाईंचा खोकला थांबला का? धाकटी नीट जेवते ना? मी आणि तुझी लेक आयझी इकडे धडधाकट आहोत. हेरिंग मासे चिरून बोटं सोलली आहेत, तेवढंच.

आता कपाळाला हात लाव. तुझ्या आयझीनं पसंत केलेला तो इंग्रज मास्तर, होरेस, आपले जुने शब्द गोळा करतो. काल बोट सुटायच्या वेळी डेकवर चढून तुझ्या नवऱ्याला विचारतो, "डुकराला तुम्ही काय म्हणता?" अगं, बोटीवर त्या जनावराचं थेट नाव, केवढा अपशकुन! तो टळावा म्हणून सगळे लोखंडाला हात लावायला धावले. कुणी बोटीवरचा आडशब्द सुचवत ओरडलं, "ग्रम्फी म्हण, मेल्या!" तर हा शहाणा म्हणतो, "म्हणजे डुक्करच ना?"

तुझ्या डॉडनं मग बोट काढलीच नाही. "असला जावई नको," म्हणून फुगून बसलाय.

मी म्हटलं, "जेसीला मागणी घालायला आलास, तेव्हा आमच्या बाबांच्या बोटीवर तू पाद्र्याचं नाव घेतलंस, तोही अपशकुनच ना?"

तर बोटीच्या लोखंडी नांगराला हात लावून म्हणतो, "ते वेगळं."

तो ऐकेल तर तुझंच. रविवारी तो किनाऱ्यावर असतो, त्याच्या आत त्याला चार ओळी लिही. उशीर झाला तर पोरगी मास्तराबरोबर निघून जाईल, आणि मी तिची पेटी उचलून देईन.

तुझी थोरली बहीण,
बेल