पुनर्विवाह न केल्याचा दाखला

चामराजपेट, बंगळूर
ता. ९ डिसेंबर १९५८

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी दामोदरचा नमस्कार. थंडीनं तुझे गुडघे कुरकुरत असतील. तेल लाव, आणि माझ्या लग्नाची काळजी स्वल्प कमी कर. मी गुरांच्या दवाखान्यात सुखरूप आहे. (परवा एका म्हशीनं लाथ मारली, पण तिचं चुकलं असं म्हणवत नाही. माझं लक्ष नव्हतं.)

हल्ली माझं लक्ष कुठंच नसतं. त्यापायी हातून मोठं पाप झालं. शेजारच्या वसुमतीबाई तुला ठाऊक आहेत. यजमान काश्मीरच्या लढाईत पडले, त्यांचं पेन्शन बाईंना मिळतं. त्यासाठी दर वर्षी, बाईंनी पुनर्विवाह केलेला नाही, असा दाखला राजपत्रित अधिकाऱ्यानं द्यावा लागतो, आणि आमच्या गल्लीत तसा अधिकारी मी एकटा. (शिक्का गुरांच्या दवाखान्याचा, पण कचेरीनं कधी हरकत घेतली नाही.) नऊ वर्षं मी शिक्का खिशात घालून त्यांच्याकडे जातो, कागदावरच्या ‘केला आहे’ आणि ‘केलेला नाही’ यांतलं पहिलं खोडतो, सही करतो, कॉफी पितो आणि मनातलं मनात घेऊन परत येतो. लग्न केलं तर त्यांचं पेन्शन बुडेल, ही सबब मला फार सोयीची पडली. खरं तर मी भितो. यंदा त्या समोर बसून कॉफी गाळत होत्या, मी तिकडे बघत राहिलो आणि खोडलं दुसरं!

पेन्शन बंद. वर कचेरीचं पत्र : नव्या पतीचे नाव कळवावे. बाईंनी ते माझ्यापुढे ठेवलं, टाक हातात दिला आणि शांतपणे विचारलं, “सरी डॉक्टर, मग काय नाव लिहायचं?”

अक्का, मी लिहिलं, ‘नजरचूक, क्षमस्व’. मग तीन महिने कचेरीत हेलपाटे घातले. नवा दाखला दिला की पेन्शन सुरू होईल म्हणतात. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

तुझा,
दामोदर

ता. क. नवा दाखला सोमवारी द्यायचा आहे. त्याआधी तू ये आणि माझ्या वतीनं त्यांना विचार. माझ्या पगारात दोघांचं भागेल.

पुन्हा ता. क. येऊ नकोस. पत्र पेटीत टाकायला निघालो, तर वसुमतीबाई दारात भेटल्या. दाखला त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या हयवदनरावांकडून घेतला. माझ्याकडे का आला नाहीत, विचारलं. “तुम्हाला उगीच त्रास कशाला, अण्णा,” म्हणाल्या, थोरल्या भावाला म्हणावं तसं.

नऊ वर्षं त्या मला डॉक्टर म्हणत होत्या.