वाफ्यातला तरवड

अण्णा,

तुमच्या गुलाबांच्या वाफ्यात आता तरवड आहे. बातमी तुम्हाला आवडणार नाही, म्हणून आधी तीच सांगते. तुमचे जुने विद्यार्थी नंदुरबारात अजून मला रस्त्यात थांबवतात, "सरांच्या अंगणात काय गुलाब होते!" म्हणतात. मी हो म्हणते. त्या गुलाबांना पाणी कोण आणत होतं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. गल्लीच्या टोकाची हापशी, भर उन्हाळा, आईच्या डोक्यावर हंडा आणि मागे कळशी घेऊन मी. सुरतेहून आणलेली तुमची रोपं आधी, आमच्या आंघोळी नंतर.

एक दिवस तर अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आईने माहेरच्या खडकाळ बरडावरून शेंगा आणून कुंपणाशी तरवड लावला होता. त्याला पहिल्यांदाच पिवळेधमक घोस आलेत. तुमचे मुख्याध्यापक चहाला येतात, त्याच्याकडे बघून हसतात, "सर, हे रानातलं इथे कुठे?" एवढंच. ते गेल्यावर तुम्ही कुदळ घेता. आई मध्ये उभी राहते. "ऱ्हाऊ द्या ना. तेले पानी लागत नही. मी एक तांब्याबी टाकेल नही." तुम्ही शाळेतल्या मराठीत म्हणता, "तुझं गाव माझ्या अंगणात आणू नकोस. आणि आधी नीट बोलायला शीक." मूळ खोल गेलं होतं. तुम्ही घामाघूम झालात, पण थांबला नाहीत. उखडलेलं झाड आईनेच बाहेर नेऊन टाकलं आणि हंडा उचलला, कारण गुलाबांचं संध्याकाळचं पाणी राहिलं होतं. त्यानंतर ती तुमच्यासमोर जवळजवळ बोललीच नाही. तुम्हाला ते कळलं तरी का? तुम्ही चारचौघांत तिला समंजस म्हणायचात.

तुम्ही गेलात, आणि पुढच्या उन्हाळ्यात गुलाब वाळले. आम्ही वाळू दिले. वाफा कित्येक वर्षं उघडाच पडून होता. अलीकडे, आई थकल्यावर, मी तरवडाचं बी गरम पाण्यात भिजवून तिथे पेरलं. रोपं वीतभर झाली आणि एकेक करत पिवळी पडून कुजली. मला कळेना. मग एका सकाळी पाहिलं तर आई भिंत धरत धरत तांब्या घेऊन वाफ्याकडे निघालेली. "आई, याला पाणी लागत नाही, तूच म्हणायचीस ना?" ती दचकली. "माले मालूम शे वं. पन वाफा कोरडा दिखना ना, मन्हा जीव घाबरस. तुन्हा बाप वरडी."

इतकी वर्षं झाली अण्णा, आणि ती अजून तुम्हाला भिते.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा पेरलं. पाऊस सरल्यावर रोज सकाळी मी तिला वाफ्याशेजारी खुर्ची टाकून देत होते. कोरड्या मातीकडे बघत ती बसायची, हात मांडीवर घट्ट धरून. यंदा तरवड फुलला. तिने फूल तोडलं नाही, नुसता हात फिरवला आणि विचारलं, "हाऊ ऱ्हाई ना आते?" मी म्हटलं, "ऱ्हाई, माय." तुम्ही मला कधी बोलू न दिलेल्या तिच्या बोलीत.

हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून खरं लिहिते. झाड फुललं तेव्हा तुम्ही असायला हवे होतात, असं मला वाटलं. माया म्हणून नाही. तुम्हाला लाज वाटताना एकदा बघायचं होतं.