काळजातली जागी जनुकं

४ एप्रिल, बिश्केक
यंत्र बसलं. डाव्या खांद्याखाली, काडेपेटीएवढं, तीन तारा आत सोडलेल्या. डॉक्टर नुरजातबाईंनी काळजाचा तीळभर तुकडाही काढून घेतला. सहा महिन्यांनी दुसरा काढून दोन्ही ताडून बघणार. म्हणाल्या, काळजाच्या दोन भिंती एका वेळी आवळत नाहीत, एक मागे पडते, म्हणून पेशींतली जनुकं भलतीच वागायला लागलीत. यंत्र दोन्ही भिंतींना एकदम ठोका देईल, मग जनुकंही ताळ्यावर यावीत.
म्हणजे तरुण होणार. मी एकसष्टचा, काळीज तिशीचं!
संकल्प: चिडायचं नाही. डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही. घोडा बंद. दर महिन्याला तपासणी.

१२ एप्रिल, कोचकोर
टेकाड दम न लागता चढलो. जनुकं कामाला लागली. बुरुलला सांगितलं. बायको असून म्हणाली, "मग त्यांना म्हणावं, सरपण फोडा."

२२ एप्रिल, दुपार
शेजारच्या एशिमची मेंढरं आमच्या गवतात. शांतपणे सांगायला गेलो. म्हणाला, "घरी जा, जुमाकादिर, बॅटरी संपेल तुझी."
कमची डाव्या हातात होती. मी डावखुराच. पहिला फटका कानावर, दुसरा भुवईवर. भुवई उघडली, रक्त दाढीत उतरलं. मग तो खाली, मी त्याच्या छातीवर. तिघांनी ओढून काढलं.
हा मी नव्हे. जुन्या काळजात एवढा जोर होताच कुठे? हे जनुकांचं काम. खांद्यात काहीतरी सर्रकन सरकलं. स्नायू वाढत असणार.

२३ एप्रिल
सकाळपासून उचकी, ठोक्यागणिक एक. बुरुल म्हणते, डॉक्टरांना फोन कर. प्रगती चालू असताना मध्ये तोंड घालू नये.

४ मे
तपासणी. गेलो नाही. रस्ता खराब.

४ जून
तपासणी. रस्ता बरा होता. पण बऱ्या माणसाने दवाखान्यात काय करायचं?

१९ जून
बूट आखडलेत. पाय आत जात नाहीत. मोच्याला म्हटलं, कातडं हलकं घातलंस. तो म्हणाला, "आक्साकाल," म्हाताऱ्यांना मानाने म्हणतात तसं, "बूट तेवढेच आहेत, पाय सुजलेत." त्याच्या तोंडावर बूट हाणला. पुढचे दोन दात गेले. त्यानंतर मलाच त्याच्या दुकानात अर्धा तास बसावं लागलं, श्वास पुरेना. रक्त थुंकत थुंकत पाणी त्यानेच दिलं. माणूस वाईट नाही.
जनुकं फार जोरात आहेत. जरा आवरायला हवीत.

११ जुलै
निजायला तीन उश्या लागतात, नाहीतर दम कोंडतो. ही नवी उशी पातळ आहे.

२ ऑगस्ट
कोक-बोरू, घोड्यावरून बोकडाचं धड पळवायचा खेळ. घोडाबंदी जुन्या काळजाला होती. बोकडाचं धड उचलायला वाकलो, डोळ्यांपुढे काळं. जावई तिलेक घोडा आडवा घालून लगामाला झोंबला, "उतरा, बाबा! ओठ निळे पडलेत!" भर मैदानात, सगळ्यांसमोर! त्याला कमचीने खाली पाडला आणि घोडा अंगावर घातला. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मला वरपर्यंत आला.
पुढचं आठवत नाही. म्हणतात, मीही पडलो. घोडा बिचकला असेल.

३ ऑगस्ट
मुलगी बोलत नाही. तिला नीट समजावलं: मी मारलं नाही, जनुकं अजून सवयीची झालेली नाहीत. तिने दार लावून घेतलं. बुरुलने कमची चुलीत घातली.

८ ऑक्टोबर, बिश्केक
बुरुलने ओढून आणलं. दुसरा तुकडा काढला. निकाल पंचवीसला.

२५ ऑक्टोबर
निकाल. डॉक्टरांनी यंत्रातली नोंद दाखवली. डावी तार बावीस एप्रिललाच जागची हलली. तेव्हापासून डाव्या भिंतीला एकही ठोका पोचलेला नाही.
विचारलं, "आणि जनुकं?"
म्हणाल्या, "एप्रिलपेक्षा वाईट. तुमच्याबरोबर यंत्र बसवलेल्या बाईंची बरीच ताळ्यावर आली. तुमचं एकही ताळ्यावर आलं नाही."
बुरुलने विचारलं, "मग ही मारामारी कोण करत होतं?"
डॉक्टर म्हणाल्या, "ते आमच्या तपासणीत येत नाही."
सोमवारी तार पुन्हा बसवणार. घरच्यांची सही लागते. बुरुलने कागद पुरता वाचला, सही केली, पेन परत दिलं. मग म्हणाली, मी मुलीकडे राहायला चालले, तिलेकला उठवायला-बसवायला माणूस लागतं.
मी म्हटलं, मलाही लागतं.
तोवर ती जिन्यावर पोचली होती.