डोळ्यानं लावलेला पांढरा रंग

३ मार्च, सोमवार

निळी! सगळी माणसं निळी! वाचनालयातल्या व्याख्यानाचं मी केलेलं चित्रण आमच्या स्टुडिओच्या मालकीणबाईंनी आज माझ्यासमोर लावलं. वक्ते असे दिसतायत, जणू आत्ताच विहिरीतून बाहेर काढलेत. श्रोत्यांचीही तीच गत. वाचनालयाच्या अध्यक्षांनी फोन करून विचारलं म्हणे – "आमच्या लोकांना काय झालंय?"

मालकीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "सोळा तारखेला संगीत शाळेचा कार्यक्रम आहे. तोही असाच आला तर मला दुसरा कॅमेरामन बघावा लागेल." एवढंच बोलून त्या आत गेल्या.

एकतीस वर्षं झाली या कामात! उजेड बदलला की कॅमेऱ्याला सांगावं लागतं – बाबा रे, या उजेडात पांढरं म्हणजे हे. बाकीचे त्यासाठी पांढरा कागद धरतात आणि बटण दाबतात. मी जन्मात कागद धरला नाही. बल्बचा पिवळा, ट्यूबचा हिरवट, खिडकीचा निळसर – पडद्याकडे बघत आकडा फिरवायचा, चेहरे माणसांसारखे दिसले की थांबायचं. कागद नवशिक्यांना!

कॅमेराच बिघडलाय. दुसरं काय!

५ मार्च

कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं तासभर उलटापालटा करून पाहिला. "याला काही धाड भरलेली नाही," म्हणाला. वर दात काढून हसला. मी कॅमेरा उचलून तडक बाहेर पडलो.

७ मार्च, शुक्रवार

कात्री रजेवरून परत आला. आमचा एडिटर. टेपच्या जमान्यापासून सगळे त्याला कात्रीच म्हणतात. लेकीच्या बाळंतपणासाठी दोन आठवडे गेला होता, त्यामुळे व्याख्यान त्याच्या टेबलावर न जाता तसंच बाहेर गेलं.

मी त्याला सगळ्यांदेखत धरला. "जाण्याआधी माझ्या कॅमेऱ्यात तूच काहीतरी खुडबुड केलीस!" माझा आवाज जरा जास्तच चढला होता. तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला – "असेल रे. झालं असेल माझ्याकडून." आणि माझ्यासमोर अध्यक्षांना फोन लावला, चूक माझ्या टेबलावर झाली म्हणून माफी मागितली, व्याख्यान परत नीट करून पाठवतो म्हणाला.

बघा! कबूल केलं! मी म्हणतच होतो!

हाच माणूस दोन वर्षांपूर्वी मला म्हणाला होता, "एकदा डोळे दाखवून ये." तेव्हा महिनाभर मी त्याच्याशी बोललो नव्हतो. कॅमेरामनला डोळ्यांवरून बोलायचं म्हणजे काय!

तरी आज जेवण गेलं नाही. कबूल केलं, मग मला मोकळं का वाटत नाही?

९ मार्च, रविवार

न्हाणीच्या दाराशेजारी भिंतीचा पोपडा निघाला होता. माळ्यावर जुन्या रंगाचे दोन डबे होते. पांढरा निवडला, झकास हात मारला, बायकोला हाक मारली.

ती आली आणि हसत सुटली. "अहो, हा तर आकाशी आहे! मुलीच्या खोलीतला उरलेला!"

मी म्हटलं, चेष्टा पुरे. तिनं दुसऱ्या डब्यात बोट बुडवून त्याच्याशेजारी ओढलं. मला दोन्ही सारखेच! अगदी सारखे! मी डोळे चोळून पुन्हा पुन्हा बघायला लागलो तशी ती हसायची थांबली. मग कपाटातून एकेक कपडा काढून विचारत बसली – हा कोणता, हा कोणता? सातातले तीन चुकलो.

"उद्याच्या उद्या डॉक्टर."

"संगीत शाळेचा कार्यक्रम होऊ दे," म्हटलं. "मला भीती वाटतेय गं." हे तोंडातून कसं निघालं देव जाणे. तिनं फोन उचलला. बुधवारची वेळ मिळाली.

कात्रीनं खुडबुड केली नव्हती. मला ठाऊक आहे. आज लिहून टाकतो.

१२ मार्च, बुधवार

मोतीबिंदू! फक्त मोतीबिंदू!

रांगेत बसलो होतो तेव्हा मनात नाही नाही ते आलं. पडदा गेला असेल, शीर सुकली असेल, डोक्यात गाठ असेल. डॉक्टरीणबाई तरुण, पण भारी शांत. "दोन्ही डोळ्यांतलं भिंग पिवळं पडलंय. तुम्हाला कळलं नाही, कारण ते हळूहळू होतं. पडदा छान आहे, शीर छान आहे. भिंग बदललं की झालं."

म्हणजे मी दोन-तीन वर्षं पिवळ्या काचेतून बघतोय, आणि त्या पिवळ्यावर उतारा म्हणून लोकांच्या तोंडावर निळा ओततोय!

बाहेर पायरीवर बसून मी चक्क रडलो. बायको म्हणाली, "अहो, चांगली बातमी आहे ना?" म्हटलं, म्हणूनच!

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन चोवीसला, डाव्याचं नंतर. त्याआधी सोळा तारीख आहेच.

१६ मार्च, रविवार

आयुष्यात पहिल्यांदा कागद धरला. कोरा, पांढरा, दुकानातून नवा आणलेला. बायकोला दाखवून खात्री करून घेतली.

दुपारी खिडक्यांचा उजेड होता. बटण दाबलं. कॅमेरा म्हणाला छप्पनशे. मी डोळ्यानं लावला असता तर त्रेचाळीसशेवर थांबलो असतो. आकडा जितका खाली, तितकं चित्र निळं. एवढा फरक! पडद्यावर मला सगळी पोरं काविळीची दिसत होती. बोटं शिवशिवत होती आकडा खाली आणायला. खिशात घालून ठेवली.

मग पडदे ओढले, रंगमंचावरचे पिवळे दिवे लागले. पुन्हा कागद. बक्षिसांच्या वेळी ट्यूबा लावल्या. पुन्हा कागद. गाणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "सारखा अर्ज कसला दाखवताय?"

तीन तास मी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता काम केलं. पाठ मोडून आली.

१७ मार्च

मालकीणबाईंनी पाहिलं. "छान आलंय." जिवात जीव आला! डोळ्यांचं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, आरामात जाऊन या. नवल म्हणजे दचकल्या नाहीत.

२५ मार्च, मंगळवार

उजव्या डोळ्याची पट्टी काढली.

निळा! अरे, निळा असा असतो! दवाखान्याचा पडदा, नर्सच्या पेनाचं टोपण, खिडकीतलं आभाळ. उजवा डोळा मिटला की सगळं चहात बुडतं. डावा मिटला की धुऊन निघतं. मी वेड्यासारखा एकदा हा, एकदा तो मिटत बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "करा, करा, सगळेच करतात."

बायकोकडे पाहिलं. "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

"तुमच्याशी लग्न झाल्यावर."

काय छान दिसते ती! तसं तिला सांगितलंही.

घरी येऊन भिंतीवरचा तो आकाशी ठिपका पाहिला. आंधळ्यालाही कळेल इतका आकाशी! दोघं पोट धरून हसलो.

२ एप्रिल, बुधवार

कामावर हलकं काम म्हणून जुनी चित्रणं लावून ठेवायला बसलो. सहज एक उघडलं. मागच्या वर्षीच्या पोहण्याच्या स्पर्धेचं, मी दिलं होतं तसं, मूळ. पाण्यापेक्षा पोरं निळी! दुसरं उघडलं. निळं. तिसरं निळं. दोन वर्षांची एकूण चौऱ्याहत्तर कामं. लोकांकडे गेलेल्या प्रती मात्र सगळ्या नितळ, चेहरे कसे माणसांसारखे. एकेक शॉट बसून दुरुस्त केलेला.

कात्रीच्या टेबलाशी गेलो. "लेका, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला, "महिनाभर बोलला नाहीस. करमेना मला."

आणि मी त्याला सगळ्यांदेखत धरलं होतं. त्यानं ऐकून घेतलं. आज सगळ्यांदेखतच माफी मागितली. तो म्हणाला, "बस आता, लोक बघतायत."

३ एप्रिल

मालकीणबाईंकडे गेलो. म्हटलं, व्याख्यानाची चूक माझी होती, कात्रीची नाही. तेवढंच नाही, दोन वर्षांच्या चुका माझ्या आहेत, तुम्हाला कळायला हव्यात.

त्या म्हणाल्या, "कळल्यात. दोन वर्षांपूर्वीच तो इथं येऊन बसला होता. म्हणाला, रंगाचं मी बघतो, त्याला काढू नका. आणि काढणार असाल तर दोघांचा हिशेब एकदमच करा."