तुला न आठवणारे दिवस

प्रिय सगुणाताई,

तुझा वॉर्ड सोडून मी आयसीयूत निघाले, त्या दिवशी तू मला साधा चहाही विचारला नाहीस. एरवी बदली होऊन जाणाऱ्या मावशींसाठीसुद्धा तू घरून घावन करून आणायचीस. माझ्या वाट्याला आलं ते एकच वाक्य, तेही औषधांचं कपाट लावता लावता : "जा गो, मशिनी सांभाळ. माणसं सांभाळायला आमी हाव." खाटांवरच्या बायका हसल्या. मीही हसले, आणि जिन्यात जाऊन रडले.

खरं सांगू, सुरुवातीला तुझंच बरोबर वाटायचं. आपल्या वॉर्डात कुणाच्या डब्यात कसलं कालवण आलंय, कुणाची सून रुसून माहेरी बसलीय, सगळं आपल्याला ठाऊक. चौलची ती म्हातारी सुई टोचताना दर वेळी मला विचारायची, "अफरीन, तुझं लगीन ठरलं का न्हाय?" आणि इकडे वाट्याला दोनच पेशंट, दोघंही न बोलणारे. बोलायची ती यंत्रं. मी दिवसभर मॉनिटरवरच्या आकड्यांकडे टक लावून उभी. आमच्या इन्चार्ज विनितामॅडमनी एकदा खांदा धरून मला वळवलं आणि म्हणाल्या, "आकडा बरा झाला तर घरी कोणाला पाठवणार आहेस, मॉनिटरला?" मग माझा हात पेशंटच्या पावलावर ठेवला. पाऊल गार आहे की उबदार, ते आधी बघायचं. ताई, तेव्हा मला तू आठवलीस. फेरीला निघालीस की तूही आधी पावलांनाच हात लावायचीस.

हे तुला सांगायचं होतं. पण तोवर तू निवृत्त होऊन खारेपाटातल्या तुझ्या गावी शेतीला लागली होतीस. ईदला शीरखुर्मा घेऊन आले, तर भांडं घासून, त्यात तांदळाच्या पापड्या भरून परत दिलंस. बस गो, असं मात्र म्हणाली नाहीस. अम्मी म्हणाली, "रिकामं भांडं दिलं नाही ना, मग राग तेवढा नाही." मी त्यावरच समाधान मानलं.

आणि मग तुझा मितेश तुला आमच्या आयसीयूत घेऊन आला. तू तापाने फणफणलेली, डोळे पिवळे, खोकल्यातून रक्त. लेप्टो, शेतातल्या चिखलपाण्यातून होणारा. भातलावणीच्या सगळ्या बायकांना तू स्वतः त्याच्या गोळ्या वाटल्यास, धाक दाखवून गिळायला लावल्यास, आणि स्वतः घेतली नाहीस. पायाची भेग तशीच घेऊन चिखलात उतरलीस. मितेश रडत होता आणि त्याच दमात तुझ्यावर चिडतही होता. रात्र उलटायच्या आत श्वासासाठी नळी घालावी लागली. जवळचं माणूस आहे, दुसरी सिस्टर देऊ का, असं मॅडमनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. तुझ्या पावलांना दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालला नसता.

तुला झोपेच्या औषधात ठेवलं होतं. तोंड पुसताना, कुशीवर वळवताना, वेणी घालताना मी तुझ्याशी बोलत राहिले. लावणी उरकली म्हणून सांगितलं. आगरदांड्याच्या जेट्टीवर अब्बूंशी कोण कोण भांडलं ते सांगितलं. मी बोलतेय आणि तू गप्प, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मितेश दारात येऊन विचारायचा, "आई बरी होईल ना?" वॉर्डात असते तर पटकन म्हटलं असतं, होईल रे. इथे ते म्हणता येत नाही. मी त्याला आत आणायचे आणि त्याचा हात तुझ्या पावलावर ठेवायचे.

आता जे लिहायचं आहे, ते लिहायला हात जड होतोय. औषध कमी केल्यावर तू अर्धवट जागी झालीस आणि नळीच उपटायला गेलीस. ती निघाली असती तर तू वाचली नसतीस. मी तुझे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधले. तू माझ्याकडे बघत होतीस. ओळखलंस की नाही, कळलं नाही. डोळ्यांच्या कडेने पाणी मात्र वाहत होतं. शेजारी कुणी बसून असेल तर हात मोकळे ठेवता येतात. म्हणून ड्यूटी संपली की मी स्टूल ओढून बसायचे, पट्ट्या सोडायचे आणि तुझे हात माझ्या हातात धरायचे. तू तेही सोडवून घ्यायला बघायचीस. ताकद तुझी काही कमी झाली नाही हो, मनगट अजून दुखतंय.

उद्या तुझी नळी काढणार आहेत. सगळं ठीक झालं तर दोन-चार दिवसांत तू तुझ्या जुन्या वॉर्डात जाशील, आणि तिथे मी नसेन. मागे एक कोळी दादा आमच्याकडून बरे होऊन घरी गेले. काही दिवसांनी परत येऊन त्यांनी हळूच विचारलं, चोरांनी मला कुठल्या बोटीवर बांधून ठेवलं होतं? त्यांची बायको म्हणाली, ते झोपेत ओरडतात, दर्यावर जात नाहीत. औषधाच्या झोपेतून उठलेल्या माणसाला दिवस आठवत नाहीत. उरते ती नुसती भीती, आणि तिला तोंड नसतं. म्हणून हे पत्र मितेशजवळ देतेय. गप्प बसले असते तर तुला कधी कळलंही नसतं. पण दचकून उठशील, मनगटं चोळशील, कुणी बांधलं म्हणून घाबरशील, तेव्हा हे वाच. माझ्यावर हवं तेवढं चीड, पण घाबरू नकोस. बोट नव्हती, चोर नव्हते, परकं कुणीच नव्हतं. मी होते.

तुझीच,
अफरीन